सीपी-६४२ : जहाजावरचा जुना संगणक पुन्हा चालता करताना

११७३००१२३४.

अष्टमान पद्धतीतले, म्हणजे ० ते ७ हे आठच अंक वापरून लिहिलेले, हे दहा अंक म्हणजे अमेरिकन नौदलाच्या सीपी-६४२ या संगणकाची एक संपूर्ण सूचना. पहिले दोन अंक काय करायचं ते सांगतात. ११ म्हणजे ‘ए’ रजिस्टरमध्ये, म्हणजे हिशोबातला चालू आकडा धरणाऱ्या कप्प्यात, मूल्य आण. पुढचा ७ सांगतो, आणलेलं मूल्य ऋण निघालं तर पुढची सूचना ओलांडून जा. त्यानंतरचा ३ म्हणजे मेमरीतला शब्द, म्हणजे एका पत्त्यावर ठेवलेला आकडा, अख्खा घे, अर्धा नको. मग शून्य, म्हणजे पत्त्यात कुठलंच इंडेक्स रजिस्टर (पत्ता पुढे सरकवणारा आकडा) मिळवायचं नाही. उरलेले पाच अंक हा मेमरीतला पत्ता. आणणं, तपासणं आणि वाट बदलणं ही तिन्ही कामं एका ओळीत उरकली.

ट्रान्झिस्टरवर चालणारा हा संगणक १९६१ पासून जहाजांवर चढू लागला. माझ्या लॅपटॉपवर तो चालावा म्हणून मी त्याचा सिम्युलेटर, म्हणजे त्याच्यासारखंच वागणारा प्रोग्रॅम, लिहिला, त्या कामाची ही हकीकत. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही वाचता यावी अशा बेताने लिहितोय, कारण यातला खरा विषय समुद्रावरचा आहे.

मी भारतीय नौदलात आरपी होतो, म्हणजे रडार प्लॉटर. कोचीनच्या एनडी (नॅव्हिगेशन अँड डिरेक्शन) स्कूलमध्ये शिकलो आणि नोकरीची बहुतेक वर्षं मुंबईच्या ताफ्यात काढली. आमच्या जहाजावर ऑप्स रूममध्ये, म्हणजे लढाईचं चित्र ठेवण्याच्या खोलीत, पर्स्पेक्सचा (पारदर्शक प्लॅस्टिकचा) उभा बोर्ड असायचा. त्याच्या मागच्या बाजूला उभं राहून आम्ही मेणाच्या पेन्सिलीने उलट्या अक्षरांत लिहायचो, समोरच्या अधिकाऱ्याला ते सुलट दिसावं म्हणून. रडारवरचा माणूस हेडफोनमधून बेअरिंग आणि रेंज, म्हणजे दिशा आणि अंतर, सांगायचा, आपण खूण करायची, बाजूला वेळ लिहायची, पुढची खूण आली की दोन्ही रेघेने जोडायच्या. वेग काढायला सहा मिनिटांचा नियम होता. सहा मिनिटांत जितके सागरी मैल कापले, त्याच्या दहापट नॉट (ताशी सागरी मैल). तीन-चार विमानं असतील तर हात छान चालतो. सरावात एका वेळी आठ-दहा विमानं वेगवेगळ्या दिशांनी येऊ लागली की मात्र बोर्डावरचं चित्र आणि आकाशातलं चित्र यांत अंतर पडायला लागतं. प्लॉटर कितीही चांगला असो, जेट विमान मिनिटाला आठ मैल जातं, आणि खूण करेपर्यंत ती खूण जुनी झालेली असते.

नौदल सोडल्यावर मी संगणकाचा डिप्लोमा केला आणि पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. आमचा बोर्ड ज्या यंत्राने पहिल्यांदा आपल्याकडे घेतला, ते यंत्र आतून कसं होतं? निवृत्तीनंतर मुलाकडे मिनेसोटात काही महिने राहायला गेलो आणि कळलं की ते यंत्र तिथल्याच सेंट पॉल शहरात घडलं होतं. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हाला इथे करमणार नाही असं वाटत होतं. आता तुम्ही घरी थांबणार नाही असं वाटतंय.”

सेंट पॉलची गोष्ट थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या एका कारखान्यात सैन्यासाठी ग्लायडर बनत. युद्ध संपल्यावर नौदलासाठी गुप्तलेखनाचं काम केलेल्या मंडळींनी १९४६ मध्ये त्याच इमारतीत इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स ही कंपनी काढली. ती पुढे रेमिंग्टन रँडकडे गेली आणि १९५५ मध्ये स्पेरी रँडचा भाग झाली. लोक मात्र कंपनीला युनिव्हॅक म्हणत. रडारवरची लक्ष्यं संगणकाने सांभाळण्याच्या अमेरिकन नौदलाच्या नव्या यंत्रणेसाठी पहिला संगणक, एएन/यूएसक्यू-१७, इथल्या एका तरुण अभियंत्याने रचला. त्याचं नाव सेमूर क्रे. पुण्यात संगणकाशी संबंध आलेल्या माणसाला हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. क्रेचा महासंगणक भारताला द्यायला अमेरिकेने दिलेल्या नकाराच्या इतिहासातूनच आपल्याकडे सी-डॅक ही संस्था आणि तिचा परम महासंगणक उभे राहिले. क्रेचे सहकारी १९५७ मध्ये बाहेर पडून कंट्रोल डेटा काढायला गेले, त्यालाही जायचं होतं, पण नौदलाचं हे काम पुरं होईपर्यंत त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी काम झालं आणि मग तो गेला. त्याच सूचनासंचावर अधिक भरवशाचं नवं यंत्र बांधलं गेलं, ते एएन/यूएसक्यू-२०. त्यातल्या संगणकाचा नौदलातला क्रमांक सीपी-६४२, आणि नंतरची सुधारलेली आवृत्ती सीपी-६४२बी.

त्या यंत्रणेचं नाव नेव्हल टॅक्टिकल डेटा सिस्टिम, सगळे एनटीडीएस म्हणतात. तिची कल्पना १९५५ मध्ये कमांडर अर्विन मॅकनॅली यांनी मांडली आणि एडवर्ड स्वेंडसन यांच्यासह तडीस नेली. त्या काळात असा विचार करणं किती धाडसाचं होतं हे कळायला जमिनीवरच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेकडे पाहावं. तिच्या एका संगणकाचं वजन सुमारे २५० टन आणि आत जवळपास ५०,००० व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या). जहाजावर तो चढवायचा कुठे? कॅनडाच्या नौदलाने दातार नावाची यंत्रणा व्हॉल्व्हवर बांधून १९५३ मध्ये ओंटारिओ सरोवरात दोन जहाजांवर चालवून दाखवली होती. कल्पना सिद्ध झाली, पण व्हॉल्व्ह तापतात, जळतात आणि जागा खातात. (दातारने जगाला आणखी एक गोष्ट दिली, ट्रॅकबॉल, म्हणजे हाताने फिरवून पडद्यावरचं चिन्ह हलवायचा चेंडू. पहिल्या ट्रॅकबॉलसाठी त्यांनी कॅनडातल्या पाच पिनांच्या बोलिंगचा चेंडू वापरला होता. एनटीडीएसच्या कन्सोलवरही ट्रॅकबॉल आला.) मॅकनॅलींनी ट्रान्झिस्टरवर भिस्त ठेवली, आणि तेव्हा ट्रान्झिस्टर स्वतःच नवा होता. सीपी-६४२ सहा फूट उंच झाला, दोन दारांच्या फ्रीजएवढा. जहाजाच्या दारातून आत जाणारा संगणक एवढ्या क्षमतेचा, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

मॅन्युअलं मिळवणं सोपं गेलं. या यंत्रांची बरीच जुनी मॅन्युअलं स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत. शिवाय मिनिआपोलिसमध्ये मिनेसोटा विद्यापीठाची चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट आहे, तिथे या कंपन्यांचे कागद जतन केलेले आहेत. वाचनालय मिसिसिपीच्या पश्चिम काठावर आणि कागद ठेवले आहेत खाली, नदीच्या कड्यात खोदलेल्या प्रचंड दालनांत. पेन्सिल आणि वही घेऊन आत बसायचं, मागितलेली पेटी येते. मी तिथे बसून आधी एकच केलं. सूचनांचा तक्ता स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतला. टाइप केला असता तर लवकर झालं असतं, पण हाताने लिहिताना प्रत्येक ओळीपाशी थांबावं लागतं.

त्या तक्त्यात ६२ सूचना आहेत. दोन अष्टमान अंकांत ६४ जागा बसतात. ०० आणि ७७ या दोन मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. चालता चालता प्रोग्रॅम भरकटला आणि मेमरीच्या कोऱ्या भागात शिरला तर त्याला नक्की ०० भेटणार. ते भेटलं की यंत्र दोष झाला असं समजतं आणि दोष हाताळणाऱ्या प्रोग्रॅमकडे उडी घेतं. समुद्रावर यंत्र गप्प बसून चालत नाही. त्याने आपण भरकटलो हे स्वतः ओळखायला हवं.

सिम्युलेटर लिहायचा क्रम असा ठेवला : आधी सूचना फोडून वाचणारा भाग, मग रजिस्टरं, मग मेमरी, मग गणित, शेवटी इनपुट-आउटपुट, म्हणजे माहिती आत घेणं आणि बाहेर देणं. भाषा पायथन, कारण वेगाची गरज नव्हती. मूळ यंत्राच्या मेमरीचं एक चक्र आठ मायक्रोसेकंदांचं होतं, ६४२बीमध्ये ते चारवर आलं. आजचा साधा लॅपटॉप पायथनमध्येसुद्धा त्याच्याशी जुळवून घेतो.

सूचना फोडताना लक्षात येतं की तीस बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १) शब्द किती विचाराने निवडला आहे. सूचनेचे पाच भाग आहेत. एफ सहा बिटांचा, जे, के आणि बी तीन-तीन बिटांचे, आणि वाय पंधरा बिटांचा. अष्टमानात लिहिलं की प्रत्येक भागाची सीमा अंकाच्या सीमेवरच येते. यंत्राच्या पॅनेलवर रजिस्टरच्या प्रत्येक बिटाला दिवा होता आणि तो दिवाच दाबून बिट चढवता येई. रात्रीच्या वॉचवर यंत्र अडलं तर तंत्रज्ञ दिव्यांकडे बघून थेट सूचना वाचू शके. शिवाय तीस बिटांत सहा बिटांची पाच अक्षरं बसतात, आणि पंधरा बिटांचे दोन अर्धे शब्द. पंधरा बिटांत ३२,७६८ पत्ते मावतात, तितकीच या यंत्राची मेमरी.

बत्तीस हजार शब्द. त्यात सगळं बसवायचं. रडारवरच्या प्रत्येक लक्ष्याची नोंद, कन्सोलवरची चित्रं, दुसऱ्या जहाजांकडून येणारी माहिती, कुठल्या लक्ष्याला कुठलं अस्त्र नेमायचं याचा हिशोब, आणि हे करणारा प्रोग्रॅमही. या काटकसरीची किल्ली जे आणि के या दोन छोट्या भागांत आहे, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला, आनंदाने गेला.

जे म्हणजे अट. ० असेल तर काही नाही, सरळ पुढे. १ असेल तर पुढची सूचना नेहमी ओलांड. २ म्हणजे क्यू (‘ए’च्या जोडीचं दुसरं रजिस्टर) धन असेल तर, ३ म्हणजे क्यू ऋण असेल तर. ४ म्हणजे ए शून्य असेल तर, ५ म्हणजे नसेल तर. ६ आणि ७ म्हणजे ए धन किंवा ऋण असेल तर. इतर संगणकांत तपासणी ही वेगळी सूचना असते. इथे बहुतेक सूचनांच्या पोटातच ती आहे. बेरीज करतानाच उत्तराचं चिन्ह बघून वाट ठरते.

के म्हणजे मूल्य कुठून आणि किती घ्यायचं. ० असेल तर वाय हाच आकडा, मेमरीत जायचं नाही. १ म्हणजे शब्दाचा खालचा अर्धा, २ म्हणजे वरचा, ३ म्हणजे अख्खा. ५ आणि ६ पुन्हा खालचा आणि वरचा अर्धाच, पण चिन्ह पुढे पसरवून. हे वाचलं आणि मी वही बाजूला ठेवून उठलो, खोलीत फेऱ्या मारल्या. प्लॉटरच्या हाताखालची प्रत्येक खूण दोन आकड्यांची असते. पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती. दोन्ही आकडे धन किंवा ऋण असू शकतात, कारण आपलं जहाज मधोमध. एका शब्दात वर पूर्व-पश्चिमचा आकडा, खाली उत्तर-दक्षिणचा, आणि के बदलून हवा तो काढ, चिन्हासकट. हे यंत्र रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्लॉट होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सेंट पॉलमध्ये मला एक गृहस्थ भेटले, युनिव्हॅकमधून निवृत्त झालेले, नव्वदीच्या घरात. नाव सांगणार नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांनी या यंत्राचं एक कार्ड माझ्या हातावर ठेवलं. छोटी पाटी, तिच्यावर धातूच्या टोप्या घातलेले मोजके ट्रान्झिस्टर, बाकी रेझिस्टर आणि डायोड. असली कार्डं हजारोंनी कपाटात. एक बिघडलं तर ओळखून काढायचं, दुसरं खुपसायचं आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं, जहाज डोलत असतानाच. मी आरपी होतो म्हटल्यावर त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पर्स्पेक्सच्या मागे उलटं लिहायला शिकायला किती दिवस लागतात, एका माणसाने किती लक्ष्यं पेलायची, हात दुखला की काय करायचे. यंत्र बांधणाऱ्याला माणसाच्या हाताबद्दल इतकं कुतूहल, आणि तेही साठ वर्षांनी. त्यांच्याशी बोलून घरी आलो की काम दुप्पट वेगाने होई.

गणिताचा भाग. हे यंत्र वन्स कॉम्प्लिमेंट पद्धतीने चालतं, म्हणजे ऋण आकडा करायचा तर सगळे बिट उलटे करायचे. आजचे संगणक टूज कॉम्प्लिमेंट (बिट उलटे करून वर एक मिळवायचा) वापरतात आणि जुनी पद्धत आडाणी समजली जाते. तिचा मुख्य दोष असा सांगतात की तिच्यात दोन शून्यं होतात, एक सगळे बिट शून्य आणि दुसरं सगळे बिट एक. पाचात उणे पाच मिळवले की साध्या बेरजेने हे दुसरं, ऋण शून्य येतं, आणि मग ‘ए शून्य आहे का’ ही अट फसू शकते. इथे उपाय असा आहे की यंत्र मुळात बेरीज करतच नाही. ते वजाबाकी करतं. मिळवायचा आकडा आधी उलटवायचा आणि मग वजा करायचा. उत्तर तेच, पण पाचातून पाच गेल्यावर उरतं ते साधं शून्य. ऋण शून्य येतं ते दोन ऋण शून्यं एकमेकांत मिळवली तरच. मी हे कागदावर चार बिटांत करून बघितलं, मग कोडमध्ये तसंच लिहिलं, वजाबाकी आणि शेवटची उसनवारी परत टोकाला नेऊन.

याचा एक फायदा मला सिम्युलेटर चालल्यावरच कळला. निम्मे करायला आकडा एक घर उजवीकडे सरकवतात. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये उणे पाचाचं निम्मं उणे तीन येतं, अधिक पाचाचं मात्र अधिक दोन. वन्स कॉम्प्लिमेंटमध्ये दोन्हीकडे दोनच येतात. जहाज मध्यावर असलेल्या प्लॉटवर याला अर्थ आहे. पूर्वेला जाणारं विमान आणि पश्चिमेला जाणारं विमान यांच्या आकड्यांची काटछाट सारखी होते, चारही दिशांना चित्र एकसारखं राहतं.

मग मी माझा पहिला खरा प्रोग्रॅम लिहिला. आमच्या बोर्डावरचं काम, त्यांच्या यंत्रावर. सुरुवातीच्या एनटीडीएसमध्ये रडारच्या पडद्यावरचा ठिपका माणूसच ओळखत असे. तो ट्रॅकबॉलने चिन्ह ठिपक्यावर नेऊन बटण दाबे. थोड्या वेळाने पुन्हा. तेवढ्यावरून संगणक दिशा आणि वेग काढी आणि मधल्या काळात चिन्ह स्वतःच पुढे सरकवत राही. माणसाने फक्त अधूनमधून बघायचं, चिन्ह ठिपक्यावर आहे ना. नसेल तर दुरुस्त करायचं. म्हणजे डोळा माणसाचा राहिला आणि हात यंत्राचा झाला. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते, कारण ढगाचा ठिपका आणि विमानाचा ठिपका यातला फरक वर्षानुवर्षं पडद्यासमोर बसलेल्या माणसालाच कळतो.

जागेसाठी मी मैलाचा चौसष्टावा भाग हे माप धरलं. पंधरा बिटांत चिन्हासकट १६,३८३ पर्यंत आकडे येतात, म्हणजे जहाजापासून चारही दिशांना जवळजवळ २५६ सागरी मैल. प्लॉटला पुरेसं आहे. पण पुढे सरकवताना अडचण दिसते. ४८० नॉटचं विमान मिनिटाला आठ मैल, म्हणजे ५१२ भाग जातं. दर चार सेकंदांनी चिन्ह हलवायचं तर एका वेळी ३४ भाग आणि वर थोडा अपूर्णांक. तो अपूर्णांक सोडला तर मिनिटाला दोन भाग मागे पडतात, दहा मिनिटांत मैलाचा जवळजवळ एक तृतीयांश. म्हणून चालू जागा अख्ख्या तीस बिटांत ठेवली, खालचे बिट अपूर्णांकाला दिले आणि दाखवण्यापुरती वरून पंधरा बिटांची प्रत काढली. मेमरी जास्त लागली, पण चिन्ह ठिपक्यावर राहिलं. असा प्रत्येक निर्णय त्या काळच्या प्रोग्रॅमरने शब्द मोजत घेतला असणार.

उपप्रोग्रॅमला, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या छोट्या कामाच्या प्रोग्रॅमला, बोलावण्याची रीतही आजच्यापेक्षा वेगळी आहे. ६४ किंवा ६५ ही सूचना परत कुठे यायचं तो पत्ता उपप्रोग्रॅमच्या पहिल्याच शब्दाच्या खालच्या अर्ध्यात लिहून ठेवते आणि त्याच्या पुढच्या शब्दापासून काम सुरू करते. परतीचा पत्ता कामाच्या दारावरच लिहिलेला. त्यामुळे कुठल्याही उपप्रोग्रॅमला स्वतःलाच पुन्हा बोलावता येत नाही. नव्या मुलांना हे खटकतं. मला खटकलं नाही, कारण कुठलं काम कुठून बोलावलं गेलंय हे मेमरी बघून लगेच कळतं.

लक्ष्यांच्या तक्त्यात एखादा क्रमांक शोधायला ७० ही सूचना आहे, तिने मला सर्वांत थक्क केलं. ती म्हणते, पुढची सूचना इतक्या वेळा पुन्हा कर. मोजणी बी-७ या इंडेक्स रजिस्टरमध्ये होते. पुढे तुलनेची सूचना ठेवली की दोन शब्दांत अख्खा तक्ता धुंडाळून होतो, जुळलं तिथे थांबतो.

इनपुट-आउटपुट सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मजबूत. प्रत्येक चॅनेलवरून तीस बिट एकदम, समांतर तारांतून येतात. प्रोग्रॅमने फक्त सांगायचं, या चॅनेलवरची माहिती या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत भर. मेमरीतल्या एका ठरलेल्या शब्दाच्या खालच्या अर्ध्यात चालू पत्ता, वरच्या अर्ध्यात शेवटचा. शब्द आला की यंत्र तो ठेवतं, खालचा आकडा एकाने वाढवतं, दोन्ही सारखे झाले की भरणं थांबवतं, सांगितलं असेल तर प्रोग्रॅमला खूणही करतं. तोवर मूळ हिशोब चालूच. रडार, कन्सोल, रेडिओ, अस्त्रं असे सगळे एकाच वेळी बोलत असताना हा संगणक कुणाची वाट बघत थांबत नाही. तारांची ही जोडणीची पद्धत एनटीडीएस इंटरफेस म्हणून पुढे लष्करी मानक झाली. हेच ६४२बी संगणक अपोलो मोहिमांच्या वेळी नासाच्या दूरच्या ट्रॅकिंग स्टेशनांवरही बसवले होते. ऑस्ट्रेलियातलं हनीसकल क्रीक त्यांपैकी एक. चांद्रवीरांकडून येणारी माहिती आधी या यंत्रांतून जाई.

पडद्यासाठी मी एनटीडीएसची मूळ चिन्हं वापरली. मित्र गोल, शत्रू टोकदार, अनोळखी चौकोनी. आकाशात असेल तर चिन्हाचा फक्त वरचा अर्धा, पाण्याखाली असेल तर खालचा, पाण्यावर असेल तर पूर्ण. त्याला जोडलेली रेघ दिशा आणि वेग सांगते. एका नजरेत कळतं. पहिल्यांदा वीस चिन्हं एकदम सरकताना बघितली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. वीस विमानं, आणि एकही खूण शिळी नाही.

समुद्रावर हे पहिल्यांदा १९६१-६२ मध्ये झालं. विमानवाहू ओरिस्कनी आणि किंग व माहान ही दोन क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट यांवर चाचण्या झाल्या. ज्यांना हे यंत्र नको होतं असे अधिकारीही होते, आणि त्यांची भीती मला समजते. लढाईच्या मधोमध चित्रच नाहीसं झालं तर? म्हणून मॅकनॅली आणि मंडळींनी एकच मोठा संगणक न ठेवता एकसारखे अनेक जोडायची रचना निवडली. एक बंद पडला तर उरलेले काम सोडत नाहीत, काम कमी करतात. पुढे व्हिएतनामच्या युद्धात टोंकिनच्या आखातात एनटीडीएस असलेली जहाजं आकाशावर नजर ठेवून असत. १९७२ मध्ये क्रूझर शिकागोवरच्या लॅरी नोवेल या सीनियर चीफ रडारमनला नौदलाचं डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळालं, विमानांना शत्रूवर नेमकं नेऊन घालण्याच्या कामगिरीसाठी. हा माणूस आमच्या शाखेचा. अधिकारी नव्हे, पडद्यासमोर बसणारा नाविक. त्याचं नाव आपल्याकडच्या आरपींना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एनटीडीएसचं खरं बळ एका जहाजात नाही, जहाजांनी एकमेकांना चित्र देण्यात आहे. लिंक-११ या रेडिओ दुव्यात एक जहाज नियंत्रक असतं. ते एकेकाला हाक मारतं, ज्याला हाक आली त्याने आपली लक्ष्यं पाठवायची, मग पुढच्याला हाक. मी दोन सिम्युलेटर दोन लॅपटॉपवर चालवले, एकाच्या आउटपुट चॅनेलला दुसऱ्याचं इनपुट जोडलं आणि हजेरी घेणारा छोटा प्रोग्रॅम मध्ये बसवला. मग दुसऱ्या जहाजाची स्वतःची जागा मुद्दाम मैलभर चुकीची दिली, कारण उपग्रहांआधीच्या काळात एवढा फरक पडणं रोजचं होतं.

अपेक्षित तेच झालं. आकाशात एक विमान आणि पडद्यावर दोन. एक आपल्या रडारचं, एक शेजाऱ्याने पाठवलेलं, मैलाच्या अंतराने समांतर चाललेली. आमच्या काळी शेजारचं जहाज रेडिओवर तोंडी बेअरिंग सांगायचं, तेव्हाही असेच दोन ठिपके व्हायचे आणि आम्ही बोर्डाच्या मागे उभे राहून डोळ्यांनी ठरवायचो की हे एकच आहे. यंत्राला हे शिकवावं लागतं. दोघांनाही दिसणारं एक लक्ष्य धरायचं, दोन्ही जागांमधला फरक काढायचा आणि शेजाऱ्याच्या प्रत्येक लक्ष्यातून तो वजा करायचा. नौदलात याला ग्रिडलॉक म्हणतात. एका लक्ष्यावर केलं तर सरळ फरक निघतो, पण शेजाऱ्याच्या कंपासमध्ये अंशभर चूक असेल तर जवळची लक्ष्यं जुळतात आणि लांबची फाकतात. त्यासाठी दोन लक्ष्यं धरावी लागतात, एक जवळचं आणि एक लांबचं.

सध्या मी या दुसऱ्या भागावर काम करतोय. साइन-कोसाइनचा तक्ता बसवलाय, भागाकाराची सूचना तपासून झालीय, मेमरी पुरेशी उरली आहे. अडलंय ते लक्ष्य निवडण्यापाशी. दोन जहाजांनी पाठवलेल्या यादीतून ‘हे नक्की तेच’ असं कुठल्या खात्रीवर म्हणायचं, किती वेळ जुळल्यावर धरायचं आणि केव्हा सोडून द्यायचं, हे मॅन्युअलात सापडत नाही. ते प्लॉटरच्या सवयीत असतं. ऐंशीच्या किंवा नव्वदच्या दशकात ज्यांनी ऑप्स रूममध्ये वॉच केली आहे, कोचीनला शिकवलं आहे, त्यांनी आपापल्या जहाजावर हे कसं ठरवत होतात ते मला सांगावं. आपला शब्द मी सूचनांमध्ये उतरवीन.